जुना ट्रॅक्टर एका बाजूला का ओढतो?

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यातले अनेक जुने ट्रॅक्टर, जे उरलेले वर्ष बांधाच्या आत संथपणे राबत असतात, उसाच्या ट्रॉल्या घेऊन राज्यमार्गावर येतात. मग शेतात कधी न जाणवलेली एक तक्रार गॅरेजांत ऐकू येऊ लागते. स्टिअरिंग सरळ धरले तरी ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. जुना ट्रॅक्टर विकत घेणाऱ्यालाही पहिल्या आठवड्यात बहुधा हेच जाणवते. यावर सर्रास होणारा इलाज म्हणजे स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगखालची गिअरची पेटी) उघडणे किंवा बदलणे. हा इलाज महाग आहे आणि बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू झालेला असतो. दोष हाताला स्टिअरिंगवर जाणवतो एवढ्यावरून तो स्टिअरिंगमध्येच आहे असे ठरत नाही. तो टायरच्या हवेत, ब्रेकच्या पट्ट्यात, चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा मागे जोडलेल्या नांगरातही असू शकतो. म्हणून शोध जमिनीपासून सुरू करून वर स्टिअरिंगकडे न्यावा.

ओढणे वेगळे, भरकटणे वेगळे

मिस्त्रीकडे जाण्याआधी मालकाने एका प्रश्नाचे उत्तर शोधून ठेवावे. ट्रॅक्टर प्रत्येक वेळी एकाच बाजूला जातो, की कधी डावीकडे आणि कधी उजवीकडे? एकाच बाजूला जाण्याला या लेखात ‘ओढणे’ म्हटले आहे आणि दोन्हीकडे डगमगत जाण्याला ‘भरकटणे’.

ट्रॅक्टर ओढतो तेव्हा डाव्या आणि उजव्या बाजूंत कुठेतरी फरक पडलेला असतो. एका टायरात हवा कमी असते, एका बाजूचा ब्रेक घासत असतो किंवा एका बाजूचा भाग वाकलेला असतो. भरकटण्यामागे मात्र बहुधा झीज असते. सांधे सैल होतात, पुढच्या चाकांना कुणी घट्ट धरून ठेवत नाही, आणि प्रत्येक खड्डा त्यांना आपल्या मर्जीने वळवतो. जुन्या ट्रॅक्टरमध्ये दोन्ही दोष एकत्र असणे नवलाचे नाही. पण तपासणीच्या वेळी ते वेगळे धरले नाहीत, तर चार सुटे भाग बदलूनही मूळ तक्रार तशीच राहते.

आधी रस्त्यावरचा संशय दूर करावा

पावसाचे पाणी निघून जावे म्हणून डांबरी रस्ता मध्यभागी उंच आणि कडांकडे उतरता केलेला असतो. हा उतार साधारण दोन टक्के, म्हणजे मीटरमागे दोन सेंटिमीटर असतो. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे निर्दोष ट्रॅक्टरही रस्त्यावर किंचित डावीकडे झुकतो. ‘ट्रॅक्टर डावीकडे ओढतो’ या तक्रारींपैकी काहींचे उत्तर एवढेच असते.

चाचणी साधी आहे. ट्रॉली आणि अवजार सोडून ठेवावे आणि एखाद्या सपाट, कठीण, मोकळ्या जागेत ट्रॅक्टर हळू गतीने एका दिशेने चालवावा, मग त्याच पट्ट्यावरून उलट दिशेने आणावा. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे ओढ जाणवली, तर दोष जमिनीच्या उताराचा आहे. दोन्ही वेळा ड्रायव्हरच्या एकाच हाताकडे ओढ राहिली, तर तो ट्रॅक्टरचा आहे. त्याच जागी क्लच दाबून ट्रॅक्टर काही अंतर आपोआप पुढे जाऊ द्यावा. इंजिनचा जोर सुटताच ओढ नाहीशी झाली, तर संशय मागच्या मोठ्या चाकांवर घ्यावा. ही क्लचची चाचणी उतारावर किंवा रहदारीच्या रस्त्यावर कदापि करू नये.

हवा, टायर आणि टायरातले पाणी

सर्वांत स्वस्त तपासणी हवेची आहे, आणि नेमकी तीच टाळली जाते. ट्रॅक्टरच्या टायरची हवा नुसते बघून किंवा लाथ मारून कळत नाही. मागच्या टायरात मुळातच कमी हवा असते, त्यामुळे चार-पाच पौंडांचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण चालीत उतरतो. पुढच्या ६.००-१६ मापाच्या टायरात साधारण २४ ते ३६ पौंडांच्या दरम्यान हवा ठेवतात. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा. ओढीच्या दृष्टीने मात्र आकड्यापेक्षा समानता महत्त्वाची असते. दोन्ही बाजू एकाच गेजने, टायर थंड असताना मोजाव्यात. कमी हवेचा टायर जास्त दबतो, त्याला फिरायला जास्त जोर लागतो, आणि ट्रॅक्टर त्या बाजूला झुकतो.

त्यानंतर टायरच पाहावेत. पुढच्या टायरवर गोलाकार उभ्या कडा असतात आणि त्यांतली मधली कड मातीत रुतून दिशा धरते. एका बाजूला नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला मधली कड सपाट झालेला जुना टायर असेल, तर दोघांची पकड सारखी राहणार नाही. मागे एकच टायर नवा घातला असेल, तर दोन्ही चाकांचा घेर दोरीने मोजून पाहावा. डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना, घेरातला हा फरक काही प्रमाणात सोसते. पण डिफरन्शियल लॉक अडकून राहिला असेल, तर दोन्ही चाके सक्तीने सारख्या फेऱ्या घेतात आणि ट्रॅक्टर लहान घेराच्या चाकाकडे वळू पाहतो.

सहज नजरेतून सुटणारी एक गोष्ट म्हणजे टायरातले पाणी. मागची चाके घसरू नयेत म्हणून पुष्कळ जण मोठ्या टायरांत पाणी भरून घेतात. मोठ्या टायरात शंभर लिटरहून अधिक पाणी सहज मावते. पुढे कधीतरी एका बाजूचे पंक्चर निघते, पाणी सोडून दिले जाते, आणि घाईच्या दिवसांत त्या टायरात नुसती हवा भरून ट्रॅक्टर कामाला लागतो. त्या दिवसापासून मागच्या दोन चाकांच्या वजनात एका माणसापेक्षा जास्त फरक पडलेला असतो. नरम जमिनीत हलक्या बाजूचे चाक आधी घसरते आणि ट्रॅक्टर सरळ चालत नाही. व्हॉल्व्ह सर्वांत खालच्या जागी आणून त्याची पिन क्षणभर दाबली, की हवा येते की पाणी, ते लगेच कळते.

पाय न लावलेला ब्रेकही ओढतो

ट्रॅक्टरला मागच्या प्रत्येक चाकासाठी स्वतंत्र ब्रेक पेडल असते. शेतात नांगराच्या तासाच्या टोकाला वळताना एकच पेडल दाबून ट्रॅक्टर जागच्या जागी फिरवता यावा यासाठी ही सोय आहे. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडले खटक्याने जोडलेली असलीच पाहिजेत. वर्षानुवर्षे एकाच बाजूला वळण्याची सवय असेल, तर एक ब्रेक जास्त झिजतो. मग मिस्त्री तो कसतो, आणि कधी इतका कसतो की पाय काढल्यावरही पट्टा घासत राहतो. जोडीतला एक बैल मागे राहिला की गाडी त्याच्या बाजूला वळते, तसे इथे होते. घासणारे चाक मागे राहते आणि ट्रॅक्टर त्याच्याकडे ओढतो.

हे ओळखण्यासाठी ब्रेकला शक्यतो पाय न लावता एक-दोन किलोमीटर ट्रॅक्टर चालवावा आणि दोन्ही ब्रेकच्या घरांजवळ हाताची मागची बाजू नेऊन ऊब ताडून पाहावी. हात टेकवू नये, चटका बसतो. एक बाजू स्पष्टपणे जास्त तापली असेल, तर कारण सापडले. खात्रीसाठी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावावेत, गिअर न्यूट्रल ठेवावा, एका वेळी एकच मागचे चाक उचलून हाताने फिरवावे आणि दोन्हींना लागणाऱ्या जोराची तुलना करावी.

ओढ फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर प्रश्न उलट असतो. दोन्ही पेडलांचा प्रवास सारखा नसेल, तर आधी धरणारी बाजू ओढते. कोरड्या, म्हणजे तेलात न बुडणाऱ्या, ब्रेकच्या ट्रॅक्टरमध्ये सील गळून एका बाजूच्या पट्ट्यावर तेल आले असेल, तर ती बाजू धरतच नाही आणि ट्रॅक्टर चांगल्या बाजूकडे जातो. म्हणजे डावीकडे ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा दोष उजव्या ब्रेकमध्ये असू शकतो, आणि चांगली बाजू सैल करून ओढ घालवणारे महाभागही आहेत. त्यांनी खरे तर ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक निकामी केलेले असतात.

पुढचे चाक उचलून काय पाहावे

ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल मधोमध एका जाड पिनवर झुलता बसवलेला असतो, त्यामुळे एक चाक बांधावर चढले तरी ट्रॅक्टर तिरका होत नाही. हाच झुलतेपणा जॅक लावताना धोक्याचा ठरतो. जॅक अ‍ॅक्सलच्या टोकाशी लावावा, मागची चाके दोन्हीकडून अडवावीत, अ‍ॅक्सलखाली भक्कम लाकडी ठोकळा द्यावा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली वाकू नये.

चाक उचलले की आधी ते हाताने फिरवावे. जड फिरले किंवा खरखर आली, तर आतले बेअरिंग कोरडे आहे, खराब झाले आहे किंवा जास्त कसलेले आहे, आणि तेही ब्रेकसारखेच एका बाजूला ओढते. मग चाक वर आणि खाली धरून हलवावे. हलले, तर नजर चाकावर न ठेवता त्याच्या मागे ठेवावी. ज्या आसावर चाक फिरते तो आस स्थिर राहून फक्त चाक हलत असेल, तर बेअरिंग सैल आहे. आसासकट सगळेच अ‍ॅक्सलच्या टोकात हलत असेल, तर किंगपिन, म्हणजे ज्या उभ्या पिनवर चाक वळते ती, किंवा तिचे बुश झिजले आहेत. या दोन दुरुस्त्यांच्या खर्चात बराच फरक आहे, म्हणून हे अर्धे मिनिट बारकाईने पाहण्यात घालवावे.

त्याच वेळी अ‍ॅक्सलच्या मधल्या पिनकडेही लक्ष द्यावे. पहारीने अ‍ॅक्सल पुढे-मागे रेटून पाहिला आणि तो पिनवर खळखळला, तर संपूर्ण पुढचा भागच जागेवर नाही असे समजावे. चिखलणीच्या कामात या पिनवरून पाणी-गाळ जातो आणि तिचे ग्रीस निप्पल मातीखाली झाकले गेल्याने ग्रीसच्या वेळी ते राहून जाते. किंगपिनला ग्रीस मारताना चाक उचललेले असावे. वजनाखाली दाबलेल्या बाजूला एरवी ग्रीस पोहोचत नाही आणि झीज नेमकी त्याच बाजूला होते.

चाल कुठे हरवते ते शोधावे

आता स्टिअरिंगची साखळी. जुन्या साध्या स्टिअरिंगमध्ये हाताने दिलेले वळण बॉक्समध्ये जाते, तिथून एक आर्म ड्रॅग लिंकला पुढे-मागे ढकलतो आणि ही लांब दांडी एका चाकाला वळवते. दोन्ही चाकांना जोडणारी आडवी दांडी, म्हणजे टाय रॉड, ते वळण दुसऱ्या चाकाला देते. फर्ग्युसन घराण्यातल्या जुन्या ट्रॅक्टरांत टाय रॉड नसतो. तिथे दोन्ही बाजूंना स्वतंत्र ड्रॅग लिंक असतात. दांड्यांच्या टोकांना बॉल जॉइंट असतात आणि प्रत्येक जॉइंट थोडा थोडा सैल झाला, की सगळ्यांचा मिळून स्टिअरिंगवर मोठा ‘प्ले’ दिसतो, म्हणजे चाके न वळता स्टिअरिंग मोकळे फिरते. पुस्तिकांमध्ये स्टिअरिंगच्या कडेवर साधारण २५ ते ५० मिलिमीटर प्ले चालतो असे दिलेले असते.

हा प्ले शोधायला दोन माणसे लागतात, अवजार एकही नाही. इंजिन बंद, चाके सरळ आणि जमिनीवर टेकलेली. एकाने स्टिअरिंग थोडेसेच डावी-उजवीकडे हलवत राहावे आणि दुसऱ्याने बॉक्सपासून चाकापर्यंत प्रत्येक सांध्यावर बोट ठेवत जावे, असे की बोटाचे अर्धे टोक एका भागावर आणि अर्धे दुसऱ्यावर येईल. जिथे अलीकडचा भाग हलतो पण पलीकडचा हलत नाही, तिथे चाल हरवते. डोळ्यांना न दिसणारी टिचकी बोटाला स्पष्ट लागते. बॉक्समध्ये जाणारी दांडी फिरते आणि बाहेर येणारा आर्म मात्र स्तब्ध राहतो, असे दिसले तरच बॉक्सकडे वळावे.

‘बॉक्सचा स्क्रू कसला की प्ले जातो ना?’

जातो, आणि म्हणूनच हा उपाय लोकप्रिय आहे. पण ट्रॅक्टर बहुतेक वेळ सरळ चालतो, त्यामुळे बॉक्समधली झीज मधल्या जागी सर्वांत जास्त आणि टोकांना कमी असते. मधला प्ले पूर्ण जाईपर्यंत स्क्रू कसला, तर पूर्ण वळणाकडे जाताना स्टिअरिंग जड होते किंवा अडकते. कसल्यानंतर चाके उचलून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे. अडखळ जाणवली, तर स्क्रू थोडा मागे घ्यावा आणि आतले भाग झिजले आहेत हे मान्य करावे. शिवाय बॉक्सचा प्ले भरकटण्याचे कारण असतो. ट्रॅक्टर सतत एकाच बाजूला ओढत असेल, तर हा स्क्रू कितीही फिरवून उपयोग नाही.

पुढची चाके एकमेकांशी जुळतात का

पुढची दोन्ही चाके अगदी समांतर नसतात. त्यांची पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित आत असते. याला टो-इन म्हणतात, आणि तो साधारण ३ ते ६ मिलिमीटर असला तरी मॉडेलप्रमाणे बदलतो. मोजण्यासाठी चाके सरळ करून दोन्ही टायरांच्या मधल्या कडेवर, पुढच्या बाजूला, आसाच्या उंचीवर खडूने खूण करावी आणि अंतर मोजावे. मग ट्रॅक्टर पुढे ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूला आसाच्या उंचीवर येऊ द्याव्यात आणि पुन्हा मोजावे. खुणा त्याच राहिल्याने रिम थोडी वाकलेली असली तरी माप चुकत नाही.

टो-इन बिघडल्याची खूण टायरच देतो. तळहात टायरच्या कडांवरून आडवा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर चाक तिरके घासत चालले आहे. मात्र टो-इन चुकल्याने ट्रॅक्टर भरकटतो आणि टायर खातो. एकाच बाजूला ओढण्याचे कारण तो क्वचितच असतो, कारण सरळ जाताना चूक दोन्ही चाकांत वाटली जाते.

एका बाजूची ओढ पुढच्या भागातून येत असेल, तर वाकलेल्या भागाचा शोध घ्यावा. मागच्या चाकाच्या केंद्रापासून पुढच्या चाकाच्या केंद्रापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजावे. एक बाजू कमी भरली, तर कधीतरी त्या बाजूचे चाक दगडाला किंवा बांधाला आदळून अ‍ॅक्सल मागे गेला आहे. रुंदी कमी-जास्त करता येणाऱ्या अ‍ॅक्सलला दोन्हीकडे भोके असतात. ती मोजली असता डावीकडे एक भोक जास्त सोडलेले निघाले, असेही होते.

रिकामा सरळ जातो, अवजार लावले की ओढतो

अशा वेळी ट्रॅक्टरला दोष देऊ नये. नांगराच्या ओढीची रेषा ट्रॅक्टरच्या मधल्या रेषेपासून जितकी उजवीकडे जाते, तितके ट्रॅक्टरचे तोंड उजवीकडे वळते. पलटी नांगर असेल तर हे ओळखणे अगदी सोपे आहे. नांगर उलटवल्यावर ओढीची बाजूही बदलली, तर चाकांमधले अंतर, पहिल्या फाळाची रुंदी आणि लिफ्टच्या हातांच्या चेन पाहाव्यात. ट्रॉलीच्या बाबतीत दुसरी ट्रॉली जोडून पाहणे हीच खरी चाचणी आहे. ट्रॉलीचा आस तिरका बसलेला असेल, तर ती तिरकी चालते आणि ट्रॅक्टरची शेपटी ओढत राहते.

जड अवजार उचलल्यावर किंवा हुकवर जास्त भार आल्यावर पुढची चाके हलकी होतात, तेव्हाही ट्रॅक्टर भरकटतो. स्टिअरिंगचा ताबा राहण्यासाठी ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. तो पाळला जात नसेल, तर पुढे वजने लावणे हाच इलाज. नवे बॉल जॉइंट हवेत तरंगणाऱ्या चाकाला दिशा देऊ शकत नाहीत.

पॉवर स्टिअरिंग असेल तर

ट्रॅक्टरवरच्या हायड्रोस्टॅटिक पॉवर स्टिअरिंगमध्ये स्टिअरिंग आणि चाके यांच्यामध्ये दांडी नसते, फक्त तेल असते. त्यामुळे सरळ जाताना स्टिअरिंगच्या चाकातला आरा आज एका जागी आणि उद्या दुसऱ्या जागी दिसणे हा दोष नाही. वळताना तेल आतल्या आत थोडे थोडे सरकून जाते, म्हणून असे होते. स्टिअरिंग पूर्ण एका टोकाला नेऊन हलका जोर धरून ठेवला आणि तरीही ते भरभर फिरत राहिले, तर आतून तेल जास्त गळते आहे. ही गळती चाके वळवणाऱ्या सिलिंडरच्या सीलमध्ये किंवा स्टिअरिंगखालच्या युनिटमध्ये असू शकते, आणि युनिटपेक्षा सील कितीतरी स्वस्त असल्याने आधी सिलिंडर तपासून घ्यावा. त्याआधी तेलाची पातळी आणि फिल्टर पाहावा. तेलाला फेस असेल, तर कुठून तरी हवा शिरते आहे. हात न लावता स्टिअरिंग आपोआप फिरू लागले, तर युनिटमधला व्हॉल्व्ह अडकला आहे. असा ट्रॅक्टर चालवत गॅरेजला नेऊ नये.

‘शेतात तर चालतोच आहे’

शेतात चार-पाच किलोमीटरच्या वेगाला ओढ सांभाळून घेता येते. रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरला ट्रॅक्टर सेकंदाला जवळपास सात मीटर जातो आणि मागे ट्रॉलीचे वजन असते. एवढ्या अंतरात मोकळे स्टिअरिंग भरून काढायला वेळ राहत नाही.

एक आक्षेप खर्चाचा असतो. वाकलेला आर्म किंवा टाय रॉड तापवून सरळ करता येत असताना नवा कशाला घ्यायचा, असे विचारले जाते. हे भाग ठोकून घडवलेले आणि ठरावीक प्रक्रियेने कणखर केलेले असतात. गॅसने लाल केले की तो कणखरपणा जातो, आणि वेल्डिंगच्या कडेला बारीक तडा पुढे वाढत राहतो. पत्र्याच्या बाबतीत काटकसर चालेल, स्टिअरिंगच्या भागांत नाही. तीच गोष्ट बॉल जॉइंटच्या नटातल्या स्प्लिट पिनची. तिच्या जागी खिळा किंवा तार घातलेले ट्रॅक्टर सर्रास दिसतात. ती पिन काही रुपयांची आहे, आणि नट सुटून ड्रॅग लिंक निसटली, तर स्टिअरिंग आणि चाके यांच्यात काहीच उरत नाही.

दुरुस्तीनंतर पहिल्या दिवसाच्या कामानंतर सगळे नट पुन्हा कसावेत आणि टो-इन पुन्हा मोजावा, कारण नवे सांधे बसताना थोडे सरकतात. त्यानंतर सुरुवातीची चाचणी त्याच मोकळ्या पट्ट्यावर, दोन्ही दिशांनी, आधी रिकामी आणि मग ट्रॉली जोडून घ्यावी.